घरच्या संग्रहासाठी प्लेक्सवर किती विसंबावे?

रावपुरेकर

प्लेक्स हे घरातल्या संगणकावर (सर्व्हरवर) ठेवलेली गाणी आणि चित्रफिती टीव्हीवर किंवा फोनवर दाखवणारे सॉफ्टवेअर आहे. 29 एप्रिल 2025 पासून ते बनवणाऱ्या कंपनीने एक नियम लागू केला. आपल्याच घरातल्या सर्व्हरवर ठेवलेले चित्रीकरण घराबाहेरून पाहायचे असेल, तर सर्व्हरच्या मालकाने किंवा पाहणाऱ्याने आता वर्गणी भरली पाहिजे. ही सोय पूर्वी विनामूल्य होती. त्याच दिवशी आजीवन वर्गणी 119.99 डॉलरवरून 249.99 डॉलरवर गेली आणि वार्षिक वर्गणी 39.99 वरून 69.99 डॉलर झाली.

बडोद्यातल्या बऱ्याच मराठी घरांना हा प्रश्न लागू आहे, म्हणून तो येथे मांडतो. दांडिया बाजार, रावपुरा, खारीवाव रोड या भागांतल्या वाड्यांमध्ये गणेशोत्सवातल्या नाटकांच्या आणि मुंजी-लग्नांच्या व्हीएचएस फिती, तसेच घरगुती बैठकींच्या कॅसेट पडून होत्या. गेल्या काही वर्षांत अनेकांनी त्या संगणकावर उतरवून घेतल्या, प्लेक्सवर लावल्या आणि पुण्यातल्या मुलाला व अमेरिकेतल्या मुलीला त्या पाहण्याची सोय करून दिली. आता ती सोय एका कंपनीच्या दरपत्रकावर अवलंबून आहे.

अशा सॉफ्टवेअरचे पुढे काय होते, हे आपण एकदा पाहिलेले आहे. मायक्रोसॉफ्टने 2002 मध्ये विंडोज एक्सपीची मीडिया सेंटर आवृत्ती आणली तेव्हा दिवाणखान्यातल्या टीव्हीवर गाणी, छायाचित्रे, चित्रपट आणि वाहिन्यांवरच्या कार्यक्रमांचे मुद्रण (रेकॉर्डिंग) एकाच रिमोटने चालावे, अशी कल्पना होती, आणि ती खरोखर उत्तम रीतीने उतरली होती. व्हिस्टा आणि विंडोज 7 मध्ये ती आणखी सुधारली. विंडोज 8 मध्ये ती वेगळी विकत घ्यावी लागली, 2015 च्या विंडोज 10 मधून ती काढूनच टाकली गेली आणि जानेवारी 2020 मध्ये कार्यक्रमांचे वेळापत्रक पुरवणारी सेवाही थांबली. ज्यांनी मालिका आणि मैफली मुद्रित करून ठेवल्या होत्या, त्यांच्या हाती मीडिया सेंटरच्या डब्ल्यूटीव्ही या स्वरूपातल्या फाइली उरल्या, आणि त्या दुसऱ्या स्वरूपात नेण्याचे काम त्यांनाच करावे लागले.

प्लेक्स वाईट आहे, असे मी म्हणत नाही. मी आजही ते वापरतो. परंतु ज्या वस्तूची दुसरी प्रत जगात कुठेही नाही, ती पाहण्याचा एकमेव मार्ग एखाद्या कंपनीच्या हाती असू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. आपली मते वाचायला आवडतील.

मांजलपूरकर

रावपुरेकर, आपला इतिहास बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. मीडिया सेंटर बंद पडले, कारण त्याचा वापर घटला होता आणि त्यावर कंपनीची कमाई फारशी नव्हती. आपल्याकडे तर त्याचे मुख्य अंगच आधी निकामी झाले. केबलची वायर थेट संगणकाच्या टीव्ही ट्यूनर कार्डात लावता येत होती, तोवर मुद्रण करणे सोपे होते. 2013 मध्ये डिजिटल केबलच्या दुसऱ्या टप्प्यात बडोद्यासह 38 शहरांत सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला आणि ती सोय संपली. त्यात मायक्रोसॉफ्टचा काहीही हात नव्हता.

म्हणूनच प्लेक्स पैसे मागते, याकडे मी चांगले लक्षण म्हणून पाहतो. जे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि ज्याच्यामागे उत्पन्न नाही, ते एखाद्या दिवशी मुकाट्याने बंद होते. आपल्या घरातून परदेशातल्या टीव्हीपर्यंत चित्र पोहोचवणे हे तांत्रिकदृष्ट्या सोपे काम नाही. येथल्या बहुतेक इंटरनेट जोडण्यांना इंटरनेटवरचा स्वतंत्र सार्वजनिक पत्ता (आयपी ॲड्रेस) मिळत नाही. एकाच पत्त्यामागे पुरवठादार अनेक घरे बसवतो, त्यामुळे बाहेरून आपल्या राउटरपर्यंत थेट येताच येत नाही. अशा वेळी प्लेक्स आपल्या मध्यस्थ सर्व्हरमार्फत चित्र पुढे पाठवते. त्याचा वेग मर्यादित असतो हे खरे, पण चित्र दिसते. त्या सर्व्हरचा आणि निरनिराळ्या टीव्हींसाठी ॲप चालू ठेवण्याचा खर्च कोणी तरी भरलाच पाहिजे.

कारेलीबागकर

मांजलपूरकर यांचा वर्गणीचा मुद्दा मला मान्य आहे. चांगल्या कामाचे पैसे द्यावेत, याबद्दल वाद नाही. आक्षेप असा आहे की, कंपनीचे लक्ष आपल्या संग्रहाकडे राहिलेले नाही. प्लेक्सचा जन्म एक्सबीएमसी या मुक्त (ओपन सोर्स) प्रकल्पातून झाला. तो प्रकल्प आज कोडी या नावाने चालतो. नंतर प्लेक्सने 2016 मध्ये स्वतःची क्लाउड सेवा आणली आणि 2018 मध्ये ती बंद केली. 2019 च्या अखेरीस जाहिरातींसह विनामूल्य चित्रपट आले, 2020 मध्ये थेट वाहिन्या आल्या. ज्या घरात आजोबांचे कीर्तन लावायचे आहे, तेथे आधी कुठल्या तरी परक्या चित्रपटाची शिफारस पुढे येते. ती हटवता येते, परंतु प्रत्येक उपकरणावर तो उद्योग आपणच करायचा.

दुसरे असे की, सर्व्हर आपल्या घरात असला तरी आपण कोण आहोत, याची तपासणी कंपनीच्या सर्व्हरवर होते. ऑगस्ट 2022 मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर 2025 मध्ये प्लेक्सवरच्या खात्यांच्या माहितीत चोरांचा शिरकाव झाला आणि सर्वांना पासवर्ड बदलण्यास सांगावे लागले. लग्नाच्या चित्रफिती पाहण्यासाठी कुटुंबातल्या प्रत्येकाने असे खाते उघडावे, याचे समर्थन मला करता येत नाही.

जेलिफिन हा पर्याय आज तयार आहे. 2018 च्या अखेरीस एम्बी या तशाच सॉफ्टवेअरने आपला सोर्स कोड सर्वांना खुला ठेवणे बंद केले, तेव्हा त्यातूनच तो स्वयंसेवकांनी वेगळा काढला. त्यात खाते आपल्याच सर्व्हरवर राहते आणि वर्गणी नाही. सार्वजनिक पत्त्याची अडचण वायरगार्डसारख्या खाजगी जोडणीने (व्हीपीएनने) सुटते. त्यासाठी बाहेर एखादा लहानसा भाड्याचा सर्व्हर घ्यावा लागतो, एवढेच.

मांजलपूरकर

“एवढेच” म्हणणे आपल्याला सोपे आहे. न्यू जर्सीतल्या भाचीच्या टीव्हीवर ही खाजगी जोडणी कोण बसवणार, आणि टीव्ही बदलल्यावर पुन्हा कोण बसवणार? आपण बसवाल, कारण आपल्याला त्याची आवड आहे. ज्या घरात अशी व्यक्ती नाही, तेथे जेलिफिन म्हणजे लवकरच बंद पडणारा सर्व्हर. स्वयंसेवकांच्या कामाबद्दल मला आदर आहे, पण त्यांच्यावर कोणतेही बंधन नसते, हेही आपण लक्षात घ्यावे.

फतेगंजकर

आपण तिघेही एक गोष्ट गृहीत धरून बोलत आहात, ती म्हणजे संग्रह घरातच असावा. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीने 25 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 35 फुटांच्या वर पाणी चढवले, तेव्हा सयाजीगंज, अकोटा, समा या भागांत तळमजल्यावरची घरे पाण्यात होती. त्या पाण्यात कोणाचे प्लेक्स होते आणि कोणाचे जेलिफिन, याने काही फरक पडला नाही. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचे सारे जुने चित्रीकरण जिन्याखाली ठेवलेल्या संगणकाबरोबर गेले आणि त्याच्या मूळ फिती त्यांनी आधीच टाकून दिल्या होत्या. माझ्या मते सामान्य कुटुंबाने सर्व काही एखाद्या मोठ्या कंपनीच्या क्लाउडमध्ये ठेवावे, महिन्याचे पैसे द्यावेत आणि निर्धास्त राहावे.

कारेलीबागकर

फतेगंजकर, पुराचा मुद्दा फार मोलाचा आहे आणि तो आधीच यायला हवा होता. परंतु निर्धास्त राहण्याचा सल्ला मला मान्य नाही. गुगल फोटोजने जून 2021 पासून अमर्याद विनामूल्य जागा देणे थांबवले, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. शिवाय तीन तासांचे नाटक क्लाउडमध्ये नुसते साठवणे वेगळे आणि घरातल्या वृद्ध माणसाला ते टीव्हीवर सहज सापडणे वेगळे. पुरापासून बचावासाठी एक प्रत वरच्या मजल्यावर आणि एक दुसऱ्या गावी असली पाहिजे. ती क्लाउडमध्ये असली तरी चालेल, पण एकुलती एक प्रत तेथे असू नये.

रावपुरेकर

या चर्चेतून माझ्या मनात जो मुद्दा स्पष्ट झाला, तो जरा विस्ताराने मांडतो, कारण प्लेक्स की जेलिफिन या निवडीपेक्षा तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

आपल्या कॅसेटींमध्ये जे आहे, ते कुठल्याही चित्रपटकोशात सापडत नाही. प्लेक्स चित्रपट ओळखते, पोस्टर आणते, कलाकारांची नावे लावते. पण रावपुऱ्यातल्या एखाद्या दिवाणखान्यात झालेल्या बैठकीबद्दल त्याला काही माहीत असण्याचे कारण नाही. बडोदे हे उस्ताद फैयाज खाँसाहेबांचे गाव. येथल्या संगीत विद्यालयाची सुरुवात 1886 मध्ये झाली आणि आज ते महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा भाग आहे. तेथे शिकलेल्या आणि शिकवलेल्या माणसांचे घरगुती गाणे कितीतरी कुटुंबांकडे कॅसेटवर आहे. त्या कॅसेटवर कोण गात आहे, तबल्यावर कोण, राग कोणता, साल कोणते, बैठक कोणाकडे झाली, हे सांगू शकणारी माणसे आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्याजवळ बसून ही माहिती लिहून घेणे हे संग्रहातले सर्वात कठीण आणि सर्वात मौल्यवान काम आहे.

ही माहिती आपण नेमकी कुठे लिहितो? प्लेक्सच्या पडद्यावर जाऊन नाव आणि वर्णन भरले, तर ते प्लेक्सच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये राहते. उद्या सॉफ्टवेअर बदलले, तर ध्वनिमुद्रण सोबत येईल आणि त्याबद्दलची सारी माहिती मागे राहील. जेलिफिन आणि कोडी हीच माहिती फाइलीशेजारी एका साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवू शकतात. त्याहून सोपे म्हणजे, एमपी3 किंवा फ्लॅक या स्वरूपातल्या ध्वनिफाइलीच्या आतच ही नावे लिहिण्याची सोय आहे, आणि तेथे लिहिलेली नावे प्लेक्ससुद्धा वाचू शकते. चित्रफितींसाठी फाइलीच्या नावातच साल, प्रसंग आणि स्थळ लिहावे आणि त्याच फोल्डरमध्ये देवनागरीतली एक टिपण फाइल ठेवावी. मीडिया सेंटरच्या काळात ज्यांनी हे केले असेल, त्यांना कंपनीच्या निर्णयाचा त्रास फारसा झाला नसेल.

तेव्हा आधी फाइली आणि त्यांची माहिती कोणत्याही सॉफ्टवेअरविना वाचता येईल अशी करावी, त्याच्या प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात आणि मग वर काय लावायचे ते ज्याच्या-त्याच्या सोयीने ठरवावे.

मांजलपूरकर

नावे फाइलीच्या आत लिहिण्याची सूचना मी पूर्णपणे स्वीकारतो. तरीही नव्या माणसाला “प्लेक्स सोडा” असा सल्ला दिला जाऊ नये, असा माझा आग्रह आहे. माझ्या सासूबाईंना टीव्हीवरचे एक चित्र दाबले की त्यांच्या वडिलांचे भजन लागते. हे साधण्यासाठी मी वर्गणी आनंदाने भरतो. उद्या कंपनी बंद पडली, तर फाइली माझ्याकडे आहेतच. तोवरची सासूबाईंची वर्षे मी कशाला वाया घालवू?

प्रतापनगरवासी

मी केवळ एक मुद्दा जोडते. प्लेक्सचा सर्व्हर एका व्यक्तीच्या खात्याशी जोडलेला असतो, आणि बहुतेक घरांत ती व्यक्ती म्हणजे घरातला तंत्र जाणणारा एकच पुरुष असतो. आमच्या यजमानांचे निधन झाल्यावर खात्याचा ईमेल कोणता, पासवर्ड काय, वर्गणी कोणत्या कार्डावरून जाते, यातले मला काहीही ठाऊक नव्हते. मुलाने सर्व्हर नव्या खात्यावर पुन्हा जोडला, पण आप्तांना दिलेली परवानगी सगळी नव्याने द्यावी लागली. मांजलपूरकर, आपल्या सासूबाईंचे भजन आपल्या खात्यावर चालते. ते खाते आपल्यामागे कोणाला उघडता येईल, हे आपण घरात कोणाला सांगून ठेवले आहे का?

मांजलपूरकर

नाही, सांगितलेले नाही. हा प्रश्न योग्य आहे. ईमेल, पासवर्ड आणि हार्ड डिस्क कुठे आहे त्याची जागा, हे आज कागदावर लिहून पत्नीकडे देतो. प्लेक्सबद्दलचे माझे मत मात्र बदललेले नाही.

कारेलीबागकर

त्या कागदावर डिस्कचा पासवर्डही लिहावा, कारण डिस्क कुलूपबंद केलेली असेल तर फाइलीत लिहिलेली नावे कोणालाच वाचता येणार नाहीत. जेलिफिन ज्यांना लावून पाहायचे आहे, त्यांनी प्लेक्स काढण्याची गरज नाही. दोन्ही एकाच फोल्डरवर शेजारी-शेजारी चालतात. दिवाळीच्या सुटीत ज्यांना हे करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी मी कारेलीबागेत एक दिवस मोकळा ठेवीन, आणि मांजलपूरकरांनीही यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.