हळदीच्या कॅप्सूल, काळी द्राक्षे आणि आईची स्मरणशक्ती

प्रश्न: गंगापूर रोडवरची लेक

माझ्या आईचे वय 74 आहे. वर्षभरापासून तिला ओळखीच्या माणसांची नावे चटकन आठवत नाहीत आणि गॅसवर दूध ठेवल्याचेही ती दोन-तीनदा विसरली. शेजारच्या काकूंनी तिला हळदीतील कर्क्युमिन, मिरी आणि द्राक्षातील रेस्व्हेरॅट्रॉल एकत्र असलेल्या कॅप्सूल मोठ्या मायेने आणून दिल्या आहेत. आई मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि शिवाय रक्त पातळ ठेवणारी गोळी घेते. वनस्पतींमधील हे घटक मेंदूचे खरोखर रक्षण करतात का, आणि करत असतील तर ते आपल्या रोजच्या जेवणातून पुरेसे मिळतात का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर 1: निवृत्त शिक्षिका, जीवरसायनशास्त्र

हे घटक शरीरातील घातक ऑक्सिडीकरण थेट रोखतात, असे पूर्वी शिकवले जाई आणि मीही तसेच शिकवले. प्रत्यक्षात ते रक्तात फार थोडे पोहोचतात. त्यामुळे आता भर वेगळ्या स्पष्टीकरणावर आहे: ते रक्तवाहिन्या लवचीक ठेवण्यास मदत करतात, आतड्यातील जिवाणू त्यांचे लहान घटकांत रूपांतर करतात, आणि त्यांच्या सौम्य डिवचण्याने पेशींची स्वतःची संरक्षणयंत्रणा जागी होते.

माणसांवरील प्रयोगांचे निकाल मात्र संमिश्र आहेत. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत अल्झायमरच्या 119 रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना वर्षभर रेस्व्हेरॅट्रॉल, तर उरलेल्यांना औषध नसलेली गोळी देण्यात आली आणि रेस्व्हेरॅट्रॉलची मात्रा दिवसाला 2 ग्रॅमपर्यंत वाढवण्यात आली. स्मरणशक्तीत स्पष्ट सुधारणा दिसली नाही, उलट औषध घेणाऱ्यांच्या मेंदूचे आकारमान अधिक घटले. कर्क्युमिनच्या 2018 च्या चाचणीत दीड वर्षानंतर स्मरणशक्ती सुधारली खरी, परंतु त्यात केवळ 40 जण होते आणि दिलेला प्रकार सहज शोषला जाईल असा खास बनवलेला होता. मला सर्वांत बोलका वाटतो तो कोकोतील फ्लॅव्हनॉल या अशाच वनस्पतिज घटकाचा, 3,500 हून अधिक ज्येष्ठांवरील, 2023 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग. तीन वर्षे रोज 500 मिलिग्रॅम देऊनही एकूण गटात ठळक फरक पडला नाही. ज्यांच्या आहारात हे घटक मुळातच कमी होते, त्यांची स्मरणशक्ती मात्र सुधारली. म्हणजे फायदा दिसतो तो उणीव भरून निघण्याचा. ज्याचे ताट आधीच भरलेले आहे, त्याला वरून घातलेल्या मात्रेचा लाभ झालेला दिसत नाही.

हळदीत कर्क्युमिन साधारण 3 टक्के असते, त्यामुळे वरणातली चिमूटभर हळद आणि चाचणीतली मात्रा यांची तुलनाच होऊ शकत नाही. हळद वरणात जरूर असावी, पण ती वरणासाठी.

उत्तर 2: द्राक्ष बागायतदार, निफाड

ताईंच्या उत्तरात आमच्या बागेतली थोडी भर घालतो. रेस्व्हेरॅट्रॉल वेल आपल्यासाठी नव्हे, स्वतःसाठी तयार करतो: बुरशीचा हल्ला झाला किंवा ऊन अति झाले की पानांत आणि मण्यांच्या सालीत ते वाढते. (डावणी या बुरशीजन्य रोगाने बाग गेली त्या वर्षी हे ज्ञान आमच्या काही कामी आले नाही, हा भाग वेगळा.) काळ्या द्राक्षांचा रंग ज्या अँथोसायनिनमुळे येतो तेही सालीतच असते, म्हणून द्राक्षे नीट धुऊन सालीसकट खावीत. वाइनची बाजू मांडणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो, की तिच्या एका लिटरात हा घटक फक्त काही मिलिग्रॅम असतो. चाचणीतल्या 2 ग्रॅमचा हिशेब आपणच करावा.

कांद्यातील क्वेर्सेटिन हा असाच घटक बाहेरच्या पाकळ्यांत सर्वाधिक असतो. उन्हाळ कांदा असो की लाल, वाळलेले टरफल काढून थांबावे. आमच्या घरातही वरच्या दोन जाड पाकळ्या फेकल्या जातात आणि उरलेला कांदा कौतुकाने चिरला जातो.

उत्तर 3: फॅमिली डॉक्टर, नाशिक रोड

आहाराची चर्चा उत्तम चालली आहे, परंतु माझी चिंता कॅप्सूलविषयी आहे. मिरीतील पायपरिनमुळे कर्क्युमिनचे शोषण कित्येक पटींनी वाढते, हे बंगळूरमधील 1998 च्या अभ्यासात दिसले होते; पण त्याच गुणामुळे इतर औषधांचे रक्तातील प्रमाणही बदलू शकते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीबरोबर अधिक मात्रेतील कर्क्युमिनमुळे रक्तस्रावाचा धोका संभवतो आणि अशा पूरकांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. म्हणून आपल्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय त्या सुरू करू नयेत.

दुसरे असे की, मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास बी-12 जीवनसत्त्व कमी होऊ शकते आणि त्याच्या कमतरतेने विसरभोळेपणा येतो. आई शाकाहारी असतील तर ही शक्यता आणखी वाढते. बी-12, थायरॉइड, रक्तदाब, साखर आणि श्रवणशक्ती हे सारे आधी तपासावे. दूध विसरण्याचे कारण यांपैकी एखादे निघाले, तर त्यावर उपचार आहे.

गंगापूर रोडवरची लेक

आपणा सर्वांची मी आभारी आहे. आई शाकाहारीच आहे आणि तिची बी-12 ची तपासणी आजवर एकदाही झालेली नाही. सोमवारी रक्त द्यायला घेऊन जाते. कॅप्सूलची बाटली डॉक्टरांना दाखवण्यासाठी पिशवीत ठेवली आहे. काकूंना काय सांगायचे, एवढेच अजून ठरलेले नाही.