जनुक संपादन की जनुक फेरफार? (निमित्त डासांचं)

कोरा_चहा:
मंडळी, एका शब्दाशी अडलंय. गावातल्या विज्ञान प्रदर्शनासाठी पत्रक मराठीत करतेय, मलेरियाच्या डासांमधल्या जीन एडिटिंगवर. सरळ 'जनुक संपादन' लिहिलं आणि मामंजींना वाचायला दिलं. त्यांची चार एकर रस्त्यात गेलेली. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "डासांचं पण संपादन? मोबदला किती बसला?" हसले मी, पण खरंच की, भूसंपादन, यश संपादन, विश्वास संपादन, सगळीकडे मिळवणंच. दुसरा शब्द आहे का? आणि जीन ड्राइव्हला काय म्हणू?

ऱ्हस्वदीर्घ:
संपादन रूढ आहे. वर्तमानपत्राचा संपादक कुणाची जमीन घेत नाही. सम् + पद्, म्हणजे नीट घडवून आणणे. उगाच नवे शब्द पाडू नयेत.

नांगरफाळ:
आमच्या जालन्याकडं लोक सरळ 'बीटी डास' म्हणतील बघा. बीटी कापूस २००२ पासून आहे, सगळ्यांना माहितीये. आन तसंबी दावलवाडीला ऑक्सिटेक कंपनीवाल्यांचे डास पिंजऱ्यात ठेवून चाचण्या झाल्याच की.

सूक्ष्मदर्शक:
थांबा, गल्लत होतेय. दावलवाडीचे डास एडिट केलेले नव्हतेच, त्यांच्यात बाहेरचं जनुक घातलेलं, टेट्रासायक्लिन मिळालं नाही तर त्यांची पिल्लं मोठी व्हायच्या आत मरतात. शिवाय ते एडिस, डेंग्यूवाले. ताई विचारतायत ते ॲनोफिलीस, मलेरियावाले. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या लोकांनी २०१८ साली क्रिस्परने, म्हणजे जनुक कापायच्या तंत्राने, या डासांचं डबलसेक्स नावाचं जनुक मोडलं, दोन्ही प्रती मोडलेली मादी चावत नाही की अंडी घालत नाही, आणि पिंजऱ्यातले सगळे डास ७ ते ११ पिढ्यांत संपले. ड्राइव्ह म्हणजे असं की एरवी जनुकाची एक प्रत निम्म्या पिल्लांत जाते, ही ड्राइव्हवाली जवळपास सगळ्यांत जाते, कारण ती समोरची प्रत कापते आणि तिथे स्वतःची नक्कल बसवते.

माजी_तलाठी:
अहो मग हे म्हणजे सातबाऱ्यावर दोन भावांची नावं असताना एकानं दुसऱ्याचं खोडून तिथं पण स्वतःचंच लावून घेणं! याला आमच्यात फेरफार म्हणतात. आणि गंमत बघा, फेरफार नोंदीला इंग्रजीत म्यूटेशन एंट्रीच म्हणतात. विज्ञानवाले 'उत्परिवर्तन' म्हणत जीभ वाकडी करतात, शब्द इथं चावडीवर पडून आहे. ताई, डोळे मिटून 'जनुक फेरफार' लिहा.

सूक्ष्मदर्शक:
उपमा चोरणार आहे तुमची. पण फेरफार म्हटलं की 'आकडेवारीत फेरफार' आठवतो, म्हणजे लबाडी. लोकांना आधीच शंका असतात. दिल्लीत जागतिक आरोग्य संघटनेसोबतचा डासांचा असाच प्रकल्प १९७५ मध्ये संशयाच्या धुरळ्यातच गुंडाळला गेला.

माजी_तलाठी:
फेरफार लबाडी कधीपासून झाला? रीतसर नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात. संपादनात तेवढं तरी मिळतं का, विचारा त्यांच्या मामंजींना.

खारी_बटर:
ड्राइव्हला 'जनुक रेटा' कसं वाटतं? लोकलच्या गर्दीत आपण चढत नाही, रेट्याने आत जातो, तसं.

ऱ्हस्वदीर्घ:
रेटा हा शास्त्रीय शब्द नव्हे.

खारी_बटर:
मग 'ड्राइव्ह' कुठे शास्त्रीय होता आधी? गाडीचाच की तो.

बांद्याहून:
मुळात डास तरी कुठे सगळ्यांचा? आमच्याकडे मुरकुट. गोव्यात गेलात तर जळार. डास आला दंशावरून आणि मशकावरून माशी आली असं आमचे गुरुजी सांगायचे.

ऱ्हस्वदीर्घ:
दंश बरोबर, माशी साफ चूक. माशी मक्षिकेवरून. मशक म्हणजेच डास.

नांगरफाळ:
आम्ही तर बुवा मच्छर म्हणतो.

ऱ्हस्वदीर्घ:
तो हिंदी.

नांगरफाळ:
चावतो मराठीतच.

सूक्ष्मदर्शक:
चावतो नाही, चावते. रक्त फक्त मादी पिते. म्हणजे 'डास चावला' हे व्याकरणाने बरोबर आणि विज्ञानाने चूक.

खारी_बटर:
हा वेगळा धागा होईल हं. ढेकूण पण घ्या त्यात.

कोरा_चहा:
अहो पत्रक शुक्रवारी छापायला जातंय 🙏 फेरफार लिहू की संपादन?

बांद्याहून:
आमचं मुरकुट नपुंसकलिंगी. ते चावलं. नर-मादी भानगडच नाही.