मदत हवी आहे: मामांचं पोट उघडंच ठेवणार म्हणतात, सही करावी का?

नमस्कार मंडळी,

मामा (वय ५४) चार दिवसांपासून आयसीयूत. पित्ताच्या खड्यामुळे स्वादुपिंडाला सूज आली. बीपी टिकवायला पहिल्या दोन दिवसांत सलाईनवर सलाईन लावलं. आता पोट नगाऱ्यासारखं ताठ झालंय, लघवी काल तासाला दहा मिली होती, आज जवळपास बंद. व्हेंटिलेटरही जोर लावतोय.

सकाळी सिस्टरनी लघवीच्या नळीतून २५ मिली सलाईन आत सोडून पोटातला दाब मोजला. २६. वीसच्या वर आणि सोबत अवयव बंद पडायला लागले, तर थांबायचं नसतं म्हणे. नाकातून नळी झाली, सोनोग्राफीत बघून पोटातलं पाणी काढलं, स्नायू सैल करायचं औषध झालं. आता पोट मधोमध उभं उघडणार आणि शिवणार नाहीत! आतड्यांवर प्लास्टिकची पिशवी लावणार. हे ऐकून मामी मटकन खालीच बसली. 'तू विचारून सांग, मग सही करते' म्हणाली. डॉक्टरांनी तासाभराची मुदत दिलीय. सुजलेल्या स्वादुपिंडालाच हात घालणार का? आणि उघडं किती दिवस?

प्रतिसाद १

मी भूलतज्ज्ञ आहे. पेशंट पाहिलेला नाही, त्यामुळे शब्द तिथल्या डॉक्टरांचाच धरा.

स्वादुपिंडाला सहसा हात लावत नाहीत, फक्त दाब मोकळा करतात. मामांचं सरासरी बीपी ७० असेल, तर त्यातून २६ वजा करा. पोटातल्या अवयवांच्या वाट्याला ४४ उरलं. निदान ६० तरी हवं. म्हणून किडनी रुसलीय. दाब उतरला की कित्येकदा काही तासांत लघवी सुरू होते.

ती पिशवी म्हणजे 'बोगोटा बॅग', नाव कोलंबियाच्या राजधानीवरून. सलाईनची निर्जंतुक पिशवी कापून कडेने शिवतात. हल्ली बऱ्याच ठिकाणी व्हॅक्यूम ड्रेसिंग (आतलं पाणी सतत ओढून घेणारी पट्टी) करतात. आठवड्याभरात पोट बंद करायचा प्रयत्न असतो. नाही जमलं तर वरून कातडी लावतात. मग स्नायू न जुळल्यामुळे तिथे फुगवटा, म्हणजे हर्निया राहतो, त्याचं ऑपरेशन काही महिन्यांनी. मला खरी भीती उघड्या आतड्याला भोक पडण्याची वाटते. ते कसं टाळणार, एवढं आवर्जून विचारा. आणि मामींना स्पष्ट सांगा, ऑपरेशन झालं म्हणजे वाचलेच असं नाही.

धागाकर्ता

धन्यवाद. मामीने सही केली. सव्वापाचला आत नेलंय. बाहेर बसलोय, मोबाईल १२ टक्के. कळवतो.