विषय: हिरवे टोमॅटो हॉलच्या फ्रिजमध्ये ठेवू नयेत

बाग समिती:
सप्रेम नमस्कार. मंगळवारी रात्री फ्रॉस्टचा (दव गोठण्याइतक्या थंडीचा) इशारा असल्यामुळे आपल्या वाफ्यांतले सगळे टोमॅटो, पिकलेले आणि कच्चे, काल उतरवले आणि पाच क्रेट हॉलमध्ये आणून ठेवले. गेल्या वर्षी काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे, म्हणून आधीच कळवते की हिरव्यांपैकी एकही क्रेट फ्रिजमध्ये जाऊ नये. ते घरी नेऊन, 18 ते 20 अंश सेल्सिअस तापमान असेल अशा खोलीत वर्तमानपत्रावर एका थरात पसरावेत आणि शेजारी एक पिकलेले केळे ठेवावे. पिकण्यासाठी उन्हाची गरज नसते, केळ्यातून सुटणारा इथिलीन वायू ते काम करतो. तीन क्रेट न्यायला अजून कोणी पुढे आलेले नाही.

स्वयंपाक समिती:
फ्रिजमध्ये काय ठेवायचे हे आजवर स्वयंपाक समितीनेच ठरवले आहे, एवढे नम्रपणे नमूद करते. शनिवारी कोजागरीला 80 जणांसाठी सार करायचे आहे आणि पिकलेले टोमॅटो बाहेर राहिले तर तोवर गळून जातील. हिरव्यांची चटणी करायला मी तयार आहे. परंतु कच्चा टोमॅटो विषारी असतो, असे दोन पालकांनी फोन करून सांगितले. त्यांचे समाधान कोण करणार?

सभासद, एडिसन (न्यू जर्सी):
ते मी करते. कच्च्या टोमॅटोत टोमॅटिन नावाचे द्रव्य असते, फळ पिकत जाते तसे ते कमी होते, आणि पानांत ते फळापेक्षा अधिक असते. चटणीत पाला जाऊ नये एवढे पाहावे. ताटात वाढलेल्या दोन चमचे चटणीने अपाय होत नाही. माझे माहेर नारायणगावचे. लांबच्या बाजारासाठी बुडाशी जेमतेम रंग धरलेला माल 20 किलोच्या क्रेटमध्ये भरला जायचा आणि उरलेल्या कच्च्या टोमॅटोंची आई लसूण-मिरचीबरोबर तव्यावर परतून, दाण्याचा कूट घालून चटणी करायची. गूळ मात्र किंचित घालावा.

बाग समिती:
पिकलेले फ्रिजमध्ये ठेवण्यास माझी हरकत नाही. सार करण्याच्या आदल्या दिवशी बाहेर काढावेत, एवढीच विनंती आहे. हिरव्यांचे तसे नाही. फ्रिजमध्ये चार अंश तापमान असते, आणि दहा अंशांखाली काही दिवस राहिलेले कच्चे फळ नंतर उबेत आणले तरी नीट पिकत नाही, पिठूळ लागते. काल मी दोन फळे कापून पाहिली. एकातला गर बियांभोवती पातळ झाला होता आणि सुरी लागताच बिया बाजूला सरकल्या. अशी फळे घरी पिकतील. दुसऱ्यात गर घट्ट होता आणि बियाच कापल्या गेल्या. तसली कोवळी फळे पिकणार नाहीत, ती चटणीला द्यावीत. प्रत्येक क्रेटमधून एक-दोन फळे कापून पाहावीत.

सभासद, प्रिन्स्टन:
बुड काळे पडलेली फळे कोणी फेकू नयेत, कारण तो संसर्ग नाही. मातीत कॅल्शियम असूनही पाणी कधी भरपूर, कधी अजिबात नाही, असे झाले की कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. 4 जुलैच्या सुट्टीत आठवडाभर कोणी पाणी घातले नव्हते, त्यामुळे त्या वेळी धरलेली फळे अशी झाली. अंड्याची टरफले घालून ती सुधारली नसती. पुढच्या वर्षी सुट्टीतल्या पाण्याच्या पाळ्या मे महिन्यातच ठरवाव्यात. काळा भाग कापून उरलेले फळ सारात घालता येते. एक क्रेट आज सहानंतर मी नेतो.