आम्ही पाहिलेला डोंगर असा नव्हता

पाऊलवाट
परवा एका मित्राने डोंगराचा फोटो टाकला. काळवंडलेला कडा, त्याच्या कमरेला धुक्याची पट्टी, खाली पोलादी निळं तळं आणि वर आता कोसळेल की मग असं आभाळ. ‘काय मूड आहे!’ म्हणत लोक भारावले. अडचण एवढीच की फोटो काढला तेव्हा मी त्याच्या शेजारी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. साडेअकरा वाजून गेलेले. उजेड पांढरट, पिठूळ. धुकं विरळ. तळं राखाडी-हिरवं. जॅकेट काढून आम्ही घाम पुसत होतो.

विचारलं तर म्हणाला, ‘फार नाही रे, थोडंसं एडिट.’ थोडंसं म्हणजे एक्स्पोजर (फोटोतला एकूण उजेड) खाली, हिरवा रंग जवळजवळ हद्दपार, सावल्यांमध्ये निळा ओतलेला, चारही कडांना काळोख आणि डीहेझ (धूसरपणा घालवणारं स्लायडर) उजवीकडे ताणलेलं. हा साचा इतका रुळलाय की जगातला कुठलाही डोंगर एकाच सुतकात बसलेला दिसतो.

हे नुसतं आवडीनिवडीचं भांडण नाही. त्या फोटोत मागची रांग पुढच्या रांगेपेक्षा काळी आहे. अंतर वाढलं की मधली हवा वाढते, ती उजेड विखुरते आणि लांबचं फिकट, निळसर दिसतं. एकामागे एक रांगा उभ्या आहेत हे आपल्याला कळतं ते त्या फिकटपणामुळेच. डीहेझने नेमकं तेच पुसून टाकलं. उदास व्हायचं तर खुशाल व्हा, पण ते डोंगराच्या नावावर खपवू नका.

लेन्सकॅप
आणि तुम्हाला आठवतंय तेच खरं, हे कुणी ठरवलं? डोळा अख्खं दृश्य एका दमात बघत नाही. आभाळाकडे बघताना बाहुली आकसते, कपारीत बघताना मोठी होते आणि मेंदू सगळं शिवून एक चित्र हातात देतो. कॅमेऱ्याकडे एकच एक्स्पोजर. चांगला सेन्सर साधारण १४ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) पकडतो, नेहमीच्या स्क्रीनवर तेवढे मावत नाहीत. म्हणजे दाबादाबी कुणीतरी करणारच. तुम्ही केली नाहीत तर जेपेग बनवताना कॅमेरा करतो, तेही कंपनीतल्या कुणा इंजिनिअरच्या आवडीप्रमाणे.

हे खूळ आजचं नाही. अमेरिकन फोटोग्राफर ॲन्सेल ॲडम्सने १९२७ मध्ये योसेमिटीतल्या हाफ डोम या कड्याचा फोटो आधी पिवळ्या फिल्टरने घेतला. मनात होतं तसं उतरणार नाही असं वाटलं, म्हणून शेवटच्या काचेच्या प्लेटला गडद लाल फिल्टर लावला. आभाळ जवळजवळ काळं झालं. भरदिवसा! त्याला कुणी खोटारडा म्हणत नाही.

पाऊलवाट
@लेन्सकॅप, तो कृष्णधवल होता. बघणाऱ्याला पहिल्याच क्षणी कळतं की डोळ्याला जग असं दिसत नाही. इथे रंग ठेवायचे, मग हळूच बदलायचे आणि वर ‘आजची सकाळ’ असं लिहायचं. माझी हरकत त्या ‘आजची सकाळ’वर जास्त आहे, हे लिहिता लिहिता लक्षात आलं.

धूळपाटी
मी पाऊलवाट यांच्या बाजूने, पण कारण वेगळं. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. म्हणून धुकं पांढरं. भर दिवसाचं निळं धुकं दिसलं की समजायचं, व्हाइट बॅलन्स (फोटो निळसर की पिवळसर हे ठरवणारी सेटिंग) ४००० केल्विनच्या आसपास, म्हणजे निळ्याकडे, ओढलाय. (सूर्य उगवण्याआधीचं धुकं मात्र खरंच निळसर असतं. तेवढ्यासाठी मी थंडीत कुडकुडत बसलोय, म्हणून जरा जास्तच चिडतो.)

निवांत
फोटो बघितला. आवडला. तुमचं चालू द्या.

जुनी फिल्म
रेघ कुठे ओढायची ते ठरवा, नाहीतर हे संपणार नाही. १८५० च्या दशकात फ्रेंच फोटोग्राफर ग्युस्ताव्ह ल ग्रे समुद्राची एक निगेटिव्ह आणि आभाळाची दुसरी, अशा दोन जोडून प्रिंट काढायचा. कारण तेव्हाची प्लेट निळ्या रंगाला फार हळवी, पाण्याला पुरेसं एक्स्पोजर दिलं की आभाळ कोरंच उमटायचं. ढग खरे, पण कधीकधी दुसऱ्याच वेळचे. माझ्यापुरतं, जे तिथे होतं ते गडद करा नाहीतर फिकट, चालेल. नव्हतं ते आणलं की फोटो संपला, चित्र सुरू झालं. २०१२ साली ब्रिटनच्या ‘लँडस्केप फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेतला पहिला आलेला फोटो बाद केला तो एडिटिंगची मर्यादा ओलांडली म्हणूनच. नुसती स्लायडर ओढाओढ असती तर एवढा बोभाटा झाला नसता.

लेन्सकॅप
@जुनी फिल्म, आणि जे होतं ते काढून टाकलं तर? विजेची तार, कुणाची पाण्याची बाटली?

जुनी फिल्म
बाटली उचलून पिशवीत टाका, मग फोटो काढा. तार राहू द्या.

कातळ
@पाऊलवाट, तुमचा मागची-रांग-काळी हा मुद्दा पक्का नाही. पुढच्या रांगेवर ऊन आणि मागच्या रांगेवर ढगाची सावली असेल तर मागची काळी दिसते, विशेषतः हवा स्वच्छ असेल आणि अंतर फार नसेल तर. सावली दोनेक मिनिटांत सरकते, शेजारी उभ्या असलेल्याच्या लक्षातही येत नाही. तुम्ही त्या वेळी घामच पुसत होतात ना?

पाऊलवाट
@कातळ, काल रात्री माझ्या मोबाइलमधले त्या दिवसाचे फोटो उघडले. एक ११:४२ चा, त्याच जागेवरून. मागच्या रांगेच्या डाव्या अर्ध्यावर ढगाची सावली आहे. मला अजिबात आठवत नव्हती. मित्राला तसं कळवलं, त्याने अंगठा पाठवला.

उजवा अर्धा मात्र उन्हात आहे. आणि तळं हिरवंच आहे.