मदत हवी आहे : भीमानगरच्या पुलावर आता गाडी थांबवता येते का?

नमस्कार मंडळी. लहानपणी दर वर्षी पुण्याहून तुळजापूरला जायचो. इंदापूर मागे पडलं की बाबा म्हणायचे, "झोपू नका रे, भीमा येतेय." भीमानगरला पुलाच्या अलीकडे गाडी कडेला घ्यायचे. एका बाजूला उजनीची भिंत, खाली दगडांतून वाहणारी नदी. आई पाण्यात नाणं टाकायची आणि आम्ही दरवाजे मोजायचो. एकूण ४१ आहेत म्हणे, पण आमचा आकडा दर वेळी चुकायचा आणि मग भांडणं! एका पावसाळ्यात दरवाजे उघडले होते, तेव्हा वाऱ्याबरोबर आलेल्या तुषारांनी चष्मे ओले झाले होते. तेवढं एकच वर्ष तसं दिसलं.

आता आईला पुन्हा न्यायचंय. तिला ७८ वर्षं पूर्ण झालीत, फार चालवत नाही. महामार्ग चौपदरी झाल्यापासून मी तिथून नुसता सुसाट गेलोय. पुलावर थांबणं धोक्याचं, ते मलाही कळतं. म्हणून टेंभुर्णी-इंदापूरकडच्या मंडळींना विचारतोय: पुलाच्या आधी किंवा नंतर गाडी सुरक्षित लावून धरण नीट दिसेल अशी जागा आहे का? सर्व्हिस रोडने खाली उतरता येतं का? आणि विसर्ग सुरू असताना पोलीस अडवतात का?

येताना भिगवणला चिलापी खायची हे ठरलेलंच आहे, त्यामुळे हॉटेलांची नावं नकोत (तरी सांगालच!). फक्त आईला गाडीतून उतरून दहा मिनिटं उभं राहता यावं, एवढंच बघा.