मोबाइल कपड्यांच्या आरपार बघू शकतो का?

ताई, नागपूरच्या बर्डीवरच्या बाजारातल्या गर्दीत कुणी मोबाइलने कपड्यांच्या आरपार बघेल का आणि त्या लहरींनी कॅन्सर होईल का, असं तुम्ही विचारलंय. यात दोन वेगळी तंत्रं मिसळली आहेत.

मोबाइलमध्ये बसवून वस्तूंच्या आरपार बघता येईल अशा ज्या चिपची चर्चा आहे ती टेराहर्ट्झची, म्हणजे मायक्रोवेव्ह आणि इन्फ्रारेड यांच्या मधल्या लहरींवर चालणारी. 2012 मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस शाखेतल्या संशोधकांनी ती मांडली आणि खासगीपणाचा विचार करूनच बघण्याचं अंतर 4 इंचांच्या आत ठेवलं. 1 टेराहर्ट्झच्या फोटॉनची, म्हणजे अशा लहरीच्या एका कणाची ऊर्जा जेमतेम 0.004 इलेक्ट्रॉन व्होल्ट. एक्स-रेसारखी डीएनएची मोडतोड त्यातून होत नाही. कातडीतल्या पाण्यात या लहरी मिलिमीटरभरातच जिरतात. उरतो फक्त उष्णतेचा प्रश्न, तो शक्तीवर अवलंबून.

मला काळजी वाटते ती दुसऱ्या तंत्राची, इन्फ्रारेडची, म्हणजे तांबड्यापलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाची. 2020 मध्ये वनप्लस 8 प्रोचा एक कॅमेरा पातळ काळ्या प्लॅस्टिकच्या आत दाखवायला लागला, तेव्हा कंपनीला ती सोय आवरावी लागली. नेहमीच्या कॅमेऱ्यात सेन्सरपुढे इन्फ्रारेड अडवणारी काच असते. ती नसली किंवा कमजोर असली की हे घडतं. नागपूरच्या मे महिन्याच्या उन्हात तर इन्फ्रारेड भरपूर.

कपडा घरीच तपासा. अंधारात टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबून सेल्फी कॅमेऱ्यातून बघा, पांढरट-जांभळा ठिपका दिसायला हवा. न दिसल्यास दुसरा फोन घ्या. मग मध्ये कपड्याचा एकच पदर धरा. ठिपका तसाच ठळक राहिला तर कपडा इन्फ्रारेड सोडतो. लगेच घाबरू नका, रिमोटचा दिवा फार प्रखर असतो. पण अंगाला चिकटणाऱ्या पातळ सिंथेटिक कपड्याला अस्तर लावाच. सैल कपड्यात आतली आकृती आपोआप धूसर होते.